प्रोग्रामांना दिलेले परवाने

शाळेचे दप्तर हल्ली पुष्कळ ठिकाणी गूगल ड्राइव्हवर ठेविले जाते, आणि त्यातील याद्या घेऊन प्रमाणपत्रे तयार करून देणारे निराळे प्रोग्रामही शिक्षकबंधुभगिनी वापरतात. असा प्रोग्राम ड्राइव्हपर्यंत एपीआयच्या द्वारे पोहोचतो. एका प्रोग्रामाने दुसऱ्याकडे ठरलेल्या रीतीने मागणी करावयाची, अशी ती व्यवस्था होय.

येथे परवलीचा शब्द द्यावा लागत नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ओऑथ २.० या नियमावलीप्रमाणे गूगल आपली संमती घेऊन त्या प्रोग्रामास मर्यादित अधिकाराचे टोकन देते. सबंध जुडगा हाती न देता एका कपाटाची किल्ली द्यावी, तसेच हे. मात्र कपाट कोणते हे संमतीच्या पडद्यावर लिहिलेले असते, आणि नेमके तेच आपण वाचीत नाही. निवडलेल्या फाइलींचा अधिकार पुरेसा असता ड्राइव्हमधील सर्व फाइली पाहण्याचा व बदलण्याचा अधिकार मागणाऱ्या प्रोग्रामास खुशाल नकार द्यावा.

गेल्या वर्षी एका शाळाभेटीत तेथील गुरुजींचे खाते आम्ही मिळून पाहिले. प्रमाणपत्रांचा एक प्रोग्राम त्यांनी दोन वर्षांपूर्वीच मोबाइलमधून काढला होता. तरी विद्यार्थ्यांच्या जन्मतारखा असलेल्या फाइलींवरील त्याचा अधिकार कायम! "मी परवलीचा शब्दही बदलला होता," गुरुजी म्हणाले. तेवढ्याने प्रत्येक टोकन रद्द होतेच असे नाही. गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात इतर अ‍ॅप व सेवांशी असलेल्या जोडण्या दिसतात; तेथून ती त्यांनी तत्काळ तोडली. प्रोग्रामाने पूर्वी उतरवून घेतलेली माहिती त्यामुळे पुसली जात नाही. त्याविषयी चालकांस स्वतंत्रपणे लिहावे लागते.