दुखणं थांबलं म्हणजे कंडरा जुळली असं नाही

खांद्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला भेटायला येणारे बहुतेक जण एकच सल्ला देऊन जातात: ‘हात हलवत राहा, नाहीतर खांदा जाम होईल.’ सल्ला देणाऱ्याने बहुधा फ्रोझन शोल्डर जवळून पाहिलेला असतो. त्या आजारात सांध्याभोवतालचं आवरण आकसतं, म्हणून ते ताणणं हाच उपचार ठरतो. रोटेटर कफच्या दुरुस्तीत प्रकरण वेगळं आहे. खांद्याभोवतीच्या चार स्नायूंपैकी एकाची, बहुतेकदा सुप्रास्पायनॅटसची, कंडरा दंडाच्या हाडापासून सुटलेली असते. सर्जन हाडात छोटे अँकर बसवतात आणि दोऱ्यांनी ती कंडरा पुन्हा जागेवर बांधतात. नव्या रोपाला काठी बांधावी तसं हे काम. मुळं रोपालाच धरावी लागतात. ती धरण्याआधी ताण दिला तर टाके कंडरेतून कापत निघू शकतात.

‘दुर्बिणीतून केलंय, म्हणजे लवकर बरं होईल.’ बाहेरच्या जखमा लवकर भरतात हे खरं. दोन आठवड्यांत त्वचेचे टाकेही निघतात. पण आत कंडरा हाडाला धरण्याचा वेग शरीर ठरवतं, चिरेची लांबी नव्हे. व्यायामाचा भार पेलण्याइतकी पकड यायला साधारण १२ आठवडे जातात आणि त्यानंतरही कित्येक महिने ती पक्की होत राहते. दुखणं मात्र त्याच्या बरंच आधी कमी होतं, आणि माझ्या मते सगळ्यांत धोक्याचा काळ तोच. हात बरा वाटतो, म्हणून माणूस फळीवरचा डबा काढतो, बसमध्ये वरची दांडी धरतो, पाण्याची बादली उचलतो. कंडरा पुन्हा फाटण्याचे बहुतेक प्रकार पहिल्या सहा महिन्यांतच दिसतात.

‘स्लिंग आहे, म्हणजे हात अजिबात हलवायचा नाही.’ स्लिंग बहुधा चार ते सहा आठवडे असते, पण बोटं, मनगट आणि कोपर पहिल्या दिवसांपासून हलवायचं असतं. (बायसेप्सच्या कंडरेवरही काम झालं असेल तर कोपराबद्दल आधी विचारून घ्या.) आंघोळीला कमरेतून पुढे वाकून हात सैल लोंबू द्यायचा, म्हणजे काख धुता येते. सदरा किंवा ब्लाउज घालताना ऑपरेशनचा हात आधी बाहीत, काढताना तोच शेवटी.

खरा फरक हात हलला की नाही हा नसून तो कोणी हलवला हा आहे. फिजिओथेरपिस्टने किंवा तुमच्याच दुसऱ्या हाताने अलगद उचलला तर शिवलेल्या स्नायूवर ताण कमी येतो; त्याच स्नायूच्या जोरावर उचलला तर सगळा भार टाक्यांवर. लोंबत्या हाताच्या झोक्यांचा प्रसिद्ध व्यायाम बॉस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन यांच्या नावाने ओळखला जातो. झोका अंगाच्या हालचालीने द्यायचा असतो. पुष्कळजण हातानेच मोठी वर्तुळं काढतात, आणि मग ज्या स्नायूला विश्रांती द्यायची तोच कामाला लागतो, हे स्नायूंच्या विद्युत-नोंदींतही दिसलं आहे.

‘शेजारच्यांना दुसऱ्या दिवशी व्यायाम दिला, मला महिनाभर नाही. डॉक्टर हयगय करतायत.’ या प्रश्नावर अनेक तुलनात्मक चाचण्या झाल्या आहेत. लवकर हालचाल सुरू केलेल्यांचा हात पहिल्या काही महिन्यांत जास्त वर जातो. वर्षभराने दोन्ही गट जवळपास सारखे असतात. फाट मोठी असेल किंवा कंडरा जीर्ण असेल तर घाई महागात पडू शकते, म्हणून सर्जन थांबायला सांगतात. मधुमेहात खांदा आखडण्याची शक्यता जास्त असते, तिथे हिशेब पुन्हा बदलतो. सुरुवातीचा ताठरपणा बहुतेकांचा वर्षाच्या आत सुटतो; निघालेली कंडरा आपणहून परत चिकटत नाही. दोन्हींतला एक धोका पत्करायचाच असेल तर मी ताठरपणा पत्करीन.

मालिशवाल्याकडून हात खेचून ‘मोकळा’ करून घेणं, याबद्दल एवढंच: नको. विडी-सिगारेटही नको, तंबाखूने कंडरा जुळायला उशीर होतो.

‘एमआरआयमध्ये पुन्हा फाट दिसली, म्हणजे ऑपरेशन वाया गेलं.’ २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात मोठ्या फाटी दुर्बिणीतून शिवलेल्या १८ रुग्णांची वर्षभराने सोनोग्राफी केली. १७ जणांत पुन्हा भोक सापडलं. तरीही त्यांतल्या बहुतेकांचं दुखणं कमी झालं होतं आणि हात आधीपेक्षा चांगला चालत होता. म्हणजे चित्र आणि खांदा नेहमी एकच गोष्ट सांगतात असं नाही. ताकदीच्या कामासाठी जुळलेली कंडरा अर्थातच बरी, विशेषतः तरुण आणि कष्टकरी माणसाला.

रबरी पट्ट्यांचे ताकदीचे व्यायाम साधारण तीन महिन्यांनंतर, जड ओझं किंवा गोलंदाजी सहा महिन्यांनंतर किंवा त्याहून उशिरा. मधल्या काळात झटका बसून ‘कट्’ असा आवाज आला आणि त्यानंतर हात उचलेनासा झाला, ताप आला किंवा जखमेतून पू येऊ लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता सर्जनना फोन करा.