एकट्याने जायचंय, गाडीतच झोपायचंय, मग गाडी कोणती?

आजचा भाग एकाच प्रश्नावर आहे, कारण विचारणाऱ्या काकांना पुढच्या महिन्यात निघायचंय. सोलापूरचे, बँकेतून निवृत्त, उंची पाच फूट दहा इंच. एकट्याने कन्याकुमारी गाठायची आणि जमेल तिथे गाडीतच झोपायचं. व्हॉइस मेसेजमध्ये विचारलंय, "थार घेऊ का ईको?" आणि शेवटी हळूच, "मुलगी नको म्हणतेय."

काका, मुलीची काळजी रास्त आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. एकट्याने झोपायची गाडी निवडताना माझी पहिली अट एकच: अंथरुणातून उठून, दार न उघडता, स्टिअरिंगपर्यंत पोचता आलं पाहिजे. रात्री दोनला कुणी काच वाजवली, तर खाली उतरून गाडीला वळसा घालून पुढे जायचं नाही. आतूनच सरकायचं आणि निघायचं. या एका अटीवर पिकअपच्या हौद्यावर टप बसवून केलेलं घर बाद होतं. आत ऐसपैस असतं हो, पण केबिन वेगळी. दोघं असतील तर चालेल, एकट्याला नको.

दुसरी गोष्ट लांबी. तुमची उंची १७८ सेंटीमीटर. पाय ताणले, उशी आली, म्हणजे किमान १९० सेंटीमीटर सपाट जागा हवी. गुडघे दुमडून एक रात्र निघते, पाचव्या रात्री कंबर बोलायला लागते. आणि कंबर दुखत असताना दिवसाचे चारशे किलोमीटर चालवणं हा खरा धोका आहे. तीन दारांची थार इथेच थांबते. मागे दोन माणसं आणि एखादी बॅग, एवढीच तिची जागा. रस्ता नसेल तिथे ती जाईल, पण सोलापूर ते कन्याकुमारी रस्ता आहे ना! बेंगळुरूपासून पुढे तर राष्ट्रीय महामार्ग ४४ थेट टोकापर्यंत नेतो.

आता गंमत बघा. ईको ३६७५ मिलिमीटर लांब, वॅगनआर ३६५५. म्हणजे बाहेरून जवळपास सारख्याच. पण ईकोचं इंजिन पुढच्या सीटांच्या खाली असल्यामुळे लांबीतला भाग बॉनेटमध्ये जात नाही, तो आत मिळतो. शिवाय ईकोची उंची १८२५, वॅगनआरची १६७५. हा अर्ध्या फुटाचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण सकाळी बसून शर्ट बदलताना कळतो. तोटाही सांगते. दिवसभर चालवल्यावर सीटखालचं इंजिन तापलेलं असतं आणि ती धग आत येत राहते. थांबल्यावर तासभर दारं उघडी ठेवायची, चहा प्यायचा, मग पथारी.

बजेट जास्त असेल तर अर्टिगा. मागच्या दोन्ही रांगा पाडल्या की लांबी चांगली मिळते आणि लांबच्या पल्ल्याला ती जास्त आरामशीर. फक्त पाडलेल्या सीटांना उंचसखलपणा राहतो आणि पुढच्या सीटमागे पाय ठेवायची पोकळी उरते. तिच्यावर प्लायचा तुकडा लागतो. १२ मिमी प्लाय चौरस मीटरला सात-आठ किलो भरतो, म्हणजे एकट्याला उचलता येईल असे दोन तुकडे करा. सीएनजीच्या मोहात मात्र पडू नका. टाकी बहुतेक गाड्यांत मागे सामानाच्याच जागेत असते, म्हणजे नेमकी तुमच्या पायांची जागा जाते.

सीट कायमची काढायची असेल तर आधी आरटीओत विचारा. आरसीवर आसनक्षमता लिहिलेली असते आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत परस्पर बदल करू देत नाही. गॅरेजवाला "काही होत नाही हो" म्हणेल. विम्याचा दावा करायची वेळ येईल तेव्हा तो शेजारी नसेल.

आता हवा, आणि हे जरा नीट ऐका. इंजिन चालू, एसी चालू, काचा बंद, असं झोपायचं नाही. पंधरा मिनिटंसुद्धा नाही. सायलेन्सर कुठे फुटलेला असला किंवा गाडी कोंडलेल्या जागी उभी असली, तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही, आणि एकट्याला उठवायला शेजारी कुणी नसतं. आत स्टोव्ह पेटवणंही याच कारणाने नको.

म्हणून गाडी बघताना एसीपेक्षा मागच्या काचा बघा. किती उघडतात? समोरासमोर उघडतात का? दोन्हीकडून दोन-तीन इंच फट, तिला बाहेरून चुंबकाची किंवा वेल्क्रोची मच्छरदाणी आणि एक यूएसबी पंखा. पाच वॅटचा पंखा २०,००० एमएएचच्या पॉवरबँकवर रात्रभर आरामात चालतो, गाडीच्या बॅटरीला हात लावावा लागत नाही. बेंगळुरूला गारवा असेल, चादर लागेल. मदुराईच्या पुढे मात्र हा पंखाच तुमचा एसी.

तर काका, माझं मत पेट्रोल ईको, नाहीतर बरी जुनी अर्टिगा. शोरूममध्ये जाताना टेप आणि घरची सतरंजी घेऊन जा. सेल्समन हसला तर हसू दे. मागची सीट नेमकी किती खाली जाते ते स्वतः करून बघा, दारं बंद करून दहा मिनिटं आडवे पडा, मग आतूनच सरकत ड्रायव्हरच्या सीटवर या. गुडघ्याला जमलं तरच पुढे बोला. गाडी घेतल्यावर दोन रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये झोपा, म्हणजे काय खुपतं ते घराजवळच कळेल.

आणि हो, रोज रात्री गाडीचं तोंड रस्त्याकडे करून लावायची. पेट्रोल पंपावर थांबणार असाल तर आधी तिथल्या माणसाला विचारायचं, जमलं तर त्याच्याकडून थोडं डिझेल-पेट्रोल, नाहीतर निदान चहा घ्यायचा. लोकेशन मुलीला पाठवायचं. किल्लीची जागा एकच ठरवायची, अंधारात हात थेट तिथेच गेला पाहिजे.