पळस्पे फाट्यावरचे पाहुणे

गणपती दोन दिवसांवर आले, की आम्हां पळस्पेकरणींच्या दाराची कडी कधी वाजेल सांगता येत नाही. मुंबई-गोवा रस्ता पुण्याच्या रस्त्यापासून इथंच फुटतो ना! कोकणात निघालेले नातलग ‘फक्त चहा हं, वहिनी’ म्हणत डोकावतात, आणि पुढे गाड्यांची रांग लागली की त्या चहाचं जेवण होतं.

अशा वेळी करंजीसारखा आधार नाही. पण कुठली करंजी कुणाला द्यायची, हे मी ठेच लागून शिकले. एका वर्षी चिपळूणला निघालेल्या नणंदेला ओल्या नारळाच्या करंज्या दिल्या, त्याही कढईतून काढून गरमागरम डब्यात भरून! नैवेद्याला डबा उघडला, तर करंज्या मऊ आणि सारण आंबलेलं. वन्सं मला चकार शब्द बोलल्या नाहीत. पुढल्या वर्षी भाचीच्या तोंडून कळलं, तेव्हा अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हा मैत्रिणींनो, ओल्या नारळाची करंजी घरी, ताजी खायची. वाटेवरच्यांना सुक्या खोबऱ्याचीच. खोबरं, खसखस, थोडा रवा वेगवेगळे भाजा. पूर्ण गार झाल्यावर पिठीसाखर आणि वेलची घाला. पारीला १ वाटी बारीक रवा, १ वाटी मैदा आणि २ मोठे चमचे कडकडीत तुपाचं मोहन. घट्ट भिजवून दीड तास झाका, मग चांगलं कुटा. मंद आचेवर तळा. गार होईपर्यंत डब्याला झाकण नाही. बाहेर हॉर्न वाजेना का!

तिखटाला भाद्रपदात ताजा मटार कुठून आणणार? आपले कडवे वाल दोन दिवस आधी भिजवा, मोड आणून सोला. हिंग-मोहरीच्या फोडणीत आलं-मिरचीवर शिजवून अगदी कोरडे परता. घरात गणपती, तेव्हा कांदा-लसूण नको.

उरलेल्या पारीच्या पुऱ्या लाटून, तेल लावलेल्या छोट्या स्टीलच्या वाट्यांना बाहेरून चिकटवा, काट्यानं टोचा आणि वाटीसकट तळा. वाटी आपोआप सुटते. साहेबाच्या टार्टची युक्ती हीच: कवच आधी, सारण मागाहून. या कटोऱ्या कोरड्या डब्यात तीन-चार दिवस खुसखुशीत राहतात. कडी वाजली, की एकीत डाळिंब्या, वर खोबरं-कोथिंबीर. दुसरीत चमचाभर श्रीखंड. चहा उकळेपर्यंत ताटली तयार.

वन्संचा डबा यंदा मी आदल्या दिवशीच भरून ठेवणार आहे. वर चिठ्ठी: ‘सुक्या खोबऱ्याच्या. नैवेद्याला चालतील.’