‘एएनसी’ की ‘ईएनसी’? बिनतारी इअरबड्स घेण्यापूर्वी

मोबाईलच्या सुट्या सामानाच्या दुकानात आज ज्या मालाला मोठी मागणी आहे, तो म्हणजे कानात घालावयाचे बिनतारी इअरबड्स. त्यातही बाहेरचा गोंगाट कमी करणारे, म्हणजे ‘नॉइज कॅन्सलेशन’चे इअरबड्स हवेत, असे गिऱ्हाईक आवर्जून सांगते. दीड-दोन हजार रुपयांपासून पंचवीस हजारांपर्यंत या मालाच्या किमती आहेत. एवढा पैसा मोजताना नेमके काय पाहावे याची माहिती मात्र गिऱ्हाइकाला नसतेच, बऱ्याचदा विकणाऱ्यालाही नसते. म्हणून हा विषय आम्ही आज घेतला आहे.

प्रथम एका अक्षराचा घोटाळा दूर करणे भाग आहे. काही खोक्यांवर ‘एएनसी’, तर काहींवर ‘ईएनसी’ असे छापलेले असते. एएनसी म्हणजे ‘अ‍ॅक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन’. याचा फायदा ज्याच्या कानात बड आहे त्याला होतो. ईएनसी म्हणजे ‘एन्व्हायर्नमेंटल नॉइज कॅन्सलेशन’. हे केवळ फोनवर बोलताना चालते आणि त्याचा फायदा पलीकडच्या माणसाला होतो. आपल्या मागचा गलबला त्याला कमी ऐकू जातो, एवढेच. आपल्या स्वतःच्या कानावर पडणारा गोंगाट ईएनसीने तसूभरही कमी होत नाही. स्वस्तातल्या खोक्यावर ‘नॉइज कॅन्सलेशन’ हे शब्द ठळक असतात आणि कोणते ते सांगणारे अक्षर कोपऱ्यात बारीक असते. दुकानदार बंधूंनी हा फरक विचारण्याची वाट न पाहता सांगावा. न सांगता विकलेला माल दुसऱ्या दिवशी परत येतो, आणि गिऱ्हाईक मात्र पुन्हा येत नाही.

आवाजाला आवाजाने मारणे

आवाज म्हणजे हवेतील दाबाची चढउतार होय. एक लाट येत असताना तिच्या नेमकी उलट लाट सोडली, म्हणजे जेथे दाब वाढतो तेथे कमी करणारी आणि जेथे कमी होतो तेथे वाढवणारी, तर दोन्ही मिळून आवाज बराच दबतो. ही कल्पना जर्मनीतील पॉल लुएग यांची असून तिचे अमेरिकन पेटंट १९३६ सालचे आहे. परंतु तेवढ्या वेगाने काम करणारी साधने त्या काळी नव्हती. पुढे १९७८ साली झुरिकहून बोस्टनला जाताना अमर बोस यांना विमानाच्या घरघरीमुळे हेडफोनवर काही धड ऐकू येईना. त्यांनी त्या प्रवासातच या विषयाचे गणित मांडण्यास सुरुवात केली. १९८९ साली त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात आला. हे बोस एमआयटीतील प्राध्यापक. त्यांचे वडील नोनी गोपाल बोस हे इंग्रजी राजवटीविरुद्धच्या चळवळीत असताना कलकत्त्याहून अमेरिकेस निघून गेले होते. जी कला तेव्हा डोक्यावरच्या जड हेडसेटला लागत होती, ती आज शेंगदाण्याएवढ्या बडमध्ये मावते. बडच्या बाहेरचा मायक्रोफोन गोंगाट टिपतो, आतील चिप उलट लाट तयार करते आणि कानाच्या पोकळीतला दुसरा मायक्रोफोन काय उरले ते पाहून दुरुस्ती करतो. स्वस्त मालात यातील एकच मायक्रोफोन असतो.

आता या यंत्राची मर्यादा नीट समजून घेतली पाहिजे, कारण बहुतेक निराशा तिच्यामुळेच होते. खर्जाचा आवाज लांब लाटांचा असतो. १०० हर्ट्‌झच्या घरघरीची एक लाट सुमारे ३.४ मीटर लांब असते. तिला जुळवून घ्यायला चिपला सवड मिळते. ४००० हर्ट्‌झच्या तीक्ष्ण आवाजाची लाट जेमतेम साडेआठ सेंटिमीटरची. तेथे क्षणाचा उशीर झाला तरी गणित चुकते. त्यामुळे एसटीच्या इंजिनाची घरघर, पंखा, एसी, विमान हे एकसुरी आवाज एएनसीने चांगले दबतात. हॉर्न, भांडी पडणे, तान्ह्या मुलाचे रडणे, शेजारच्याचे बोलणे यांवर तिचे फारसे चालत नाही. असे आवाज अडवते ती बडवरची सिलिकॉनची टोपी, आणि तीही कानात घट्ट बसली तरच. खोक्यावर ‘५० डेसिबलपर्यंत’ असे छापलेले असते. त्यातील ‘पर्यंत’ हा शब्द वाचावा. तो आकडा एखाद्या सोयीच्या स्वरावर मिळालेला सर्वात मोठा आकडा असतो, सगळ्या गोंगाटाचा नव्हे.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, एएनसीची निवड डेसिबलच्या आकड्यावरून न करता कानात बसण्यावरून करावी. डबीसोबत बहुधा तीन मापांच्या टोप्या येतात. बरेच लोक मधले माप लावलेले असते तेच कायम वापरतात. टोपी सैल असेल तर फटीतून घरघर आत येते, गाण्यातला खर्ज बाहेर निघून जातो आणि मग दोष कंपनीला दिला जातो. दोन्ही कानांचे माप एकच असेल असेही नाही. टोपी नसलेले, नुसते कानात अडकवायचे बड एएनसीचे म्हणून विकले जातात. त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

दुकानातली परीक्षा

नमुन्याचा जोड ठेवलेला असेल तर दुकानातील एसी किंवा चालू पंख्याजवळ उभे राहावे. काहीही न वाजवता, एएनसी बंद ठेवून बड कानात घालावेत. किती शांत झाले ते टोपीचे काम. मग एएनसी सुरू करावी. पंख्याची घरघर तत्काळ खाली गेली पाहिजे. दुकानदाराचे बोलणे ऐकू येत राहिले तर माल खराब समजू नये, ते स्वाभाविक आहे. जबडा हलवून, चार पावले चालून पाहावे, तेवढ्याने पकड सुटत असेल तर माप बदलावे. शांततेत बारीक ‘स्स’ असा आवाज येतो का, एएनसी सुरू-बंद करताना गाण्याचा पोत बदलतो का, हेही पाहावे. काहींना एएनसीने कानात दडे बसल्यासारखे वाटते. अशांनी विकत घेण्याआधी दहा मिनिटे तरी घालून बसावे. फोनसाठी घ्यायचे असतील तर दुकानाबाहेर रहदारीत उभे राहून घरच्याला फोन लावावा आणि काय ऐकू येते ते त्याच्याकडूनच विचारून घ्यावे.

नमुना नसेल, किंवा माल ऑनलाइन मागवायचा असेल, तर परतीची अट आधी वाचावी. कानात घालायची वस्तू म्हणून खोके उघडल्यावर ती परत न घेणारे विक्रेते बरेच आहेत.

‘एलडीएसी’ वगैरे शब्दांना फारसे महत्त्व देण्याचे कारण नाही. ते फोनमध्येही असावे लागते, आयफोनमध्ये ते नाही. आणि बातम्या, व्याख्याने ऐकणाऱ्याला त्याने काडीचा फरक पडत नाही.

यंत्रमागावर बड चालतील का?

मालेगाव-भिवंडीकडचे तरुण कामगार माग चालवताना बड घालतात, आणि आता ‘एएनसीचे घेतले म्हणजे कान सुरक्षित’ असा समज पसरत आहे. तो धोक्याचा आहे. मागाच्या शेडमधील आवाज सहसा ९० डेसिबलच्या वर असतो आणि त्यात धोट्याचे ठोके तीक्ष्ण असतात, म्हणजे नेमके एएनसीला न जुमानणारे. त्यावर गाणी ऐकू यावीत म्हणून आवाज वाढवला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मापदंडानुसार मोठ्या माणसाने आठवड्याला ८० डेसिबलचा आवाज ४० तासांपर्यंत ऐकावा. ९० डेसिबल असेल तर ही मर्यादा सुमारे ४ तासांवर येते. मागावरची एक पाळीच त्याहून मोठी असते. तेथे कान वाचवण्यासाठी बनवलेले फोमचे बोळे किंवा इअरमफच हवेत. बोळ्यांची किंमत बडच्या पासंगालाही पुरत नाही. मालकांनी ते स्वतःहून पुरवावेत. उलट बस-लोकलच्या प्रवासात एएनसीचा खरा लाभ होतो, कारण घरघर दबल्याने कमी आवाजातही नीट ऐकू येते. सुरू केल्यावर आवाज दोन-तीन घरांनी खाली आणला नाही, तर कानांच्या दृष्टीने तो खर्च वायाच. रस्ता किंवा रूळ ओलांडताना मात्र बड काढून खिशात टाकावेत.

बॅटरी, नोंदणी आणि हमी

‘५० तास चालते’ या आकड्यात डबीतले चार्जिंग धरलेले असते आणि एएनसी बंद असते. एएनसी सुरू असताना एका चार्जवर बड किती तास चालतात, हाच प्रश्न विचारावा. पाच ते आठ तास मिळाले तर ठीक म्हणावे. आतील बॅटरी इवलीशी असते, रोजच्या वापराने दोन-तीन वर्षांत थकते आणि बहुतेक मालात ती बदलता येत नाही. म्हणून पंचवीस हजारांचा जोड घेणाऱ्याने वर्षाला किती पडतात, याचा हिशेब आधीच करावा.

बिनतारी इअरफोनना आपल्या देशात बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. खोक्यावर किंवा मालावर ‘आर’ अक्षरानंतर आठ आकडी क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये घातल्यास नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते कळते. नामांकित कंपन्यांच्या हुबेहूब नकला ओळखण्याचा हा सोपा मार्ग आहे. घाऊक माल उचलणाऱ्या किरकोळ दुकानदारांनी तर हा क्रमांक तपासल्याशिवाय पैसे मोजू नयेत. आयातदाराचे नाव, मूळ देश आणि एमआरपी खोक्यावर नसेल तर तो माल ठेवूच नये.

कोकणातील अनेक घरांत असे जोड आखातातून येतात. तेथे किंमत कमी पडते हे खरे, पण पुष्कळ कंपन्यांची हमी ज्या देशात माल घेतला त्या देशापुरतीच असते. येताना बिल सोबत आणावे आणि त्या मॉडेलची दुरुस्ती भारतात होते का, हे तिकडेच विचारून घ्यावे. एक बड हरवला तर सुटा मिळतो का, आणि केवढ्याला, हेही त्याच वेळी विचारावे.