आठवणी एकाच खोलीत कोंडू नका

आपल्या समाजात अलीकडे एक विचार ऐकू येतो. शिकल्यासवरलेल्या, नोकरीला लागलेल्या घरांतून तो जास्त ऐकू येतो. "पोरांना मागच्या गोष्टी कशाला सांगायच्या? आज्या-पणज्यांनी काय सोसलं ते ऐकून त्यांच्या कोवळ्या मनाला त्रास होतो. शाळेत चार पोरांत मिसळतात, त्यांना सुखात वाढू द्या." हा विचार मायेपोटी येतो, म्हणून तो हसण्यावारी नेता येत नाही. पण तो बरोबर आहे काय? या प्रश्नाचे उत्तर मला एका अमेरिकन लेखिकेच्या कादंबरीत सापडले. कादंबरी बारा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेली असली, तरी आईबापांनी ती आधी वाचावी अशी आहे.

'द गिव्हर', म्हणजे 'देणारा', हे तिचे नाव. लेखिका लोइस लाउरी. १९९३ साली ती प्रसिद्ध झाली आणि १९९४ साली तिला अमेरिकेतील बालसाहित्याचे मानाचे न्यूबेरी पदक मिळाले. २०१४ साली तिच्यावर चित्रपटही निघाला. लेखिकेच्या वृद्ध वडिलांची स्मृती जात चालली होती. आपली थोरली मुलगी तरुणपणीच वारली, हेही ते विसरले होते. दुःखाची आठवणच पुसून टाकली तर माणूस सुखी होईल काय, या विचारातून ही कथा आकाराला आली.

कथेतील वसाहत वरवर पाहता आदर्श आहे. तिथे कुणी उपाशी नाही, कुणी बेकार नाही, भांडणतंटा नाही. दर वर्षी ठरलेली पन्नास बाळे जन्माला येतात आणि अर्ज केलेल्या जोडप्यांना वाटून दिली जातात. टेकड्या सपाट केल्या आहेत, हवामान ताब्यात ठेवले आहे. इतकेच काय, लोकांना रंगसुद्धा दिसत नाहीत. घराघरात कर्णा बसवलेला आहे, त्यातून सूचना येतात. म्हातारी माणसे, तिसऱ्यांदा नियम मोडणारे आणि वाढ न होणारी बाळे यांना 'मुक्त' केले जाते. मुक्त म्हणजे काय, हे कुणी विचारत नाही. पुढे कळते, की मुक्त करणे म्हणजे सुई टोचून मारणे.

मूल बारा वर्षांचे झाले की वडीलधाऱ्यांची समिती भर सभेत त्याचे आयुष्यभराचे काम जाहीर करते. काही मुलींच्या वाट्याला फक्त बाळंतपणाचे काम येते. तीन बाळंतपणे झाली की म्हातारपण येईपर्यंत मजुरी. या कामाला वसाहतीत मान नाही.

ही वसाहत काल्पनिक आहे, पण आपल्या माणसाला ती परकी वाटत नाही. तिथे निदान बारा वर्षे थांबतात. आपल्या गावगाड्यात काम जन्मताच ठरत असे. वेशीची राखण करायची, सांगावा पोचवायचा, मेलेले जनावर ओढायचे आणि बलुत्यासाठी दारोदार उभे राहायचे. जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन' या ग्रंथात मांडले. त्याआधी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधी विधेयक आणून त्यांनी या बांधलेपणावरच घाव घातला होता.

आता मला सर्वांत आवडलेला प्रसंग सांगतो. कथेचा नायक जोनस हा बारा वर्षांचा मुलगा. त्याला वेगळेच काम मिळते, आठवणी स्वीकारण्याचे. वसाहतीने मागच्या सगळ्या पिढ्यांच्या आठवणी एकाच म्हाताऱ्या माणसाकडे ठेवल्या आहेत. युद्ध, भूक, वियोग, प्रेम, सण, सगळे त्याच्या एकट्याच्या डोक्यात. बाकीचे निश्चिंत. आता हा म्हातारा थकला आहे व जोनसने ते ओझे घ्यायचे आहे.

पहिल्या दिवशी जोनस त्याच्या खोलीशी जातो, तर दाराला कुलूप! वसाहतीत कोणत्याच घराला कुलूप नसते. आत पाऊल टाकतो आणि थबकतो. चारी भिंती छतापर्यंत पुस्तकांनी भरलेल्या! जोनसच्या घरात तीनच पुस्तके असतात, एक शब्दकोश, एक वसाहतीच्या माहितीचे आणि एक नियमांचे. इतकी पुस्तके जगात असतील, हे त्या पोराच्या स्वप्नातही आलेले नसते. मग म्हातारा उठतो आणि भिंतीवरच्या कर्ण्याचे बटन बंद करतो. जोनस चकित होतो. कर्णा बंदही करता येतो, हे त्याला ठाऊकच नव्हते! नंतर म्हातारा त्याला पालथे निजवतो, उघड्या पाठीवर दोन्ही हात ठेवतो आणि पहिली आठवण देतो. बर्फाच्या उतारावरून घसरगाडीने खाली येण्याचा आनंद.

पुस्तकांनी भरलेली खोली म्हटली की आपल्याला दादरचे 'राजगृह' आठवते. पण फरक केवढा! कादंबरीतले ज्ञान कुलपात आहे आणि एकट्यासाठी आहे. बाबासाहेब पुस्तकांत बुडाले ते ज्यांना अक्षर शिवू दिले नव्हते त्यांच्यासाठी, आणि पुढे त्यांनी सिद्धार्थ महाविद्यालय काढून ती दारे सर्वांना उघडली.

पुढे जोनसला दुःखाच्या आठवणीही मिळतात. मोडलेला पाय, भूक, रणांगण. तो विचारतो, हे सारे जवळ ठेवायचेच कशाला? म्हातारा सांगतो, त्यातून शहाणपण येते. एकदा जास्त मजूर हवेत म्हणून बाळांची संख्या वाढवायची मागणी झाली, तेव्हा समितीने त्याचा सल्ला घेतला. त्याला उपासमार आठवत होती, म्हणून त्याने नकार दिला. बाकी कुणाला भूक म्हणजे काय हेच माहीत नव्हते. आठवण नसलेला समाज असा दुसऱ्याच्या डोक्याने चालतो. आणि दुःख पुसताना त्याचे प्रेमही पुसले जाते. "तुमचं माझ्यावर प्रेम आहे का?" असे जोनस आईबापांना विचारतो, तेव्हा ते हसतात आणि शब्द नीट वापर म्हणून सांगतात.

तथागतांनी दुःखाकडे पाठ फिरवली नाही. दुःखाचे अस्तित्व मान्य करणे आणि ते दूर करण्याचा मार्ग दाखवणे हा धम्माचा पाया आहे, असे बाबासाहेब 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात सांगतात. स्वतःचे दुःखही त्यांनी लपवले नाही. १९०१ साली लहानगा भीमराव वडिलांना भेटायला इतर मुलांबरोबर कोरेगावला निघाला. मसूर स्टेशनवर जात कळताच गाडीवाल्यांनी बैलगाडी नाकारली. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनीच गाडी हाकली आणि रात्रभर पाण्यावाचून काढली. ही हकिकत त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये स्वतः लिहून ठेवली आहे.

आईबापांची भीती मात्र अगदीच खोटी नाही. जोनसच्या दहा वर्षे आधी रोजमेरी नावाच्या मुलीला हेच काम दिलेले असते. दुःखाच्या आठवणी तिला पेलल्या नाहीत. पाच आठवड्यांत तिने स्वतःहून 'मुक्ती' मागितली. म्हणून जोनसच्या वेळी म्हातारा दिवसाच्या शेवटी एक आनंदाची आठवण देत जातो. आणि जोनस जेव्हा सगळ्या आठवणी लोकांना परत मिळाव्यात म्हणून वसाहतीबाहेर निघतो, तेव्हा म्हातारा त्याच्याबरोबर जात नाही. लोकांना त्या आठवणी सोसवेनात, तर आधाराला कुणीतरी हवे, म्हणून तो मागे राहतो.

घरातल्या वडीलधाऱ्यांचे काम हेच आहे. सांगायचे, आणि सांगून झाल्यावर पोराजवळ बसायचे. आपल्या नाशिककरांना त्यासाठी लांब जायला नको. २ मार्च १९३० रोजी पंचवटीत काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारखे कार्यकर्ते आणि खेड्यापाड्यांतून आलेले स्त्री-पुरुष बंद दारांपुढे बसले. रामनवमीच्या रथाच्या वेळी त्यांच्यावर दगड पडले. हे मुलांना जरूर सांगा, पण दगडांपाशी थांबू नका. १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची घोषणा सांगा, १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची दीक्षाभूमी सांगा. दगड खाणाऱ्यांनीच पुढे ते दार मागणे सोडून दिले आणि स्वतःची वाट धरली, हे कळले की पोराची मान खाली जाणार नाही, ताठ होईल.

सत्याग्रहात बसलेली पिढी आता राहिली नाही. त्यांच्या तोंडून ऐकलेली त्यांची मुले, आज सत्तरी-ऐंशीला टेकलेली, काही घरांत आहेत. येत्या रविवारी विहारात वंदना झाली की त्यांना मुलांसमोर बसवा. कोण कोणत्या गावाहून आले, काय काम करीत, पहिली शाळा कुणी पाहिली, हे विचारा. एखाद्या मुलीच्या हातात वही द्या आणि तिला लिहू द्या. तेवढा वेळ घरातला आणि खिशातला कर्णा बंद ठेवा.

जय भीम!