मराठीच जेव्हा ‘इंग्रजी’ होते

तळोद्याहून धडगावला जाणारी एसटी कोठार सोडून चांदसैली घाटाला लागली की गाडीतल्या बोलण्याचा सूर बदलतो. खाली अहिराणी आणि गुजरी कानावर पडत असते. वर चढावं तशी पावरी वाढत जाते. तिकीट मराठीत, गाडीची पाटी मराठीत, शाळेच्या भिंतीवरचे सुविचारही मराठीत. नंदुरबार जिल्ह्यात 2011च्या जनगणनेनुसार सुमारे 69 टक्के लोक आदिवासी आहेत. त्यांच्यातल्या कितीतरी घरांत चुलीपाशी भिलोरी, पावरी नाहीतर मावची चालते आणि दप्तरात मराठी. मुंबईत इंग्रजीपुढे अंग चोरून उभी राहणारी आपली मराठी इथे थोरल्या जावेसारखी वावरते. इथली ‘इंग्रजी’ तीच.

थोरल्या भाषेनं धाकटीचं काय करायचं असतं, हे समजून घ्यायला थोडा लांबचा फेरा मारू.

‘वादग्रस्त’ भाषा

1980च्या सुमाराची गोष्ट. न्यूयॉर्कमधल्या एका बड्या प्रकाशन संस्थेला तिसऱ्या जगातल्या कादंबऱ्या इंग्रजीत आणायच्या होत्या. तिनं समीक्षक एडवर्ड सैद यांच्याकडे नावं मागितली. सैद यांच्या यादीत इजिप्तचे अरबी कादंबरीकार नजीब महफूज वरच्या बाजूला होते. पुढे त्या यादीतून महफूजच वगळले गेले. सैद यांनी कारण विचारलं, तेव्हा अरबी ही वादग्रस्त भाषा आहे, असं उत्तर आलं. 1988 साली महफूज यांना नोबेल मिळालं आणि 1990 मध्ये सैद यांनी हा किस्सा ‘द नेशन’मध्ये लिहिला.

अरबी काही चिमुकली भाषा नव्हे. ती बोलणारे 30 कोटींहून अधिक, शिवाय संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांत तिला जागा. तरी इंग्रजीच्या दारात ती ताटकळत राहिली. दार किलकिलं केलं ते लहान लोकांनी. लंडनमधलं ‘साकी’ आधी 1978 साली पुस्तकांचं दुकान म्हणून उघडलं, मग प्रकाशन झालं. 1998 साली मार्गारेट ओबँक आणि सॅम्युएल शिमोन या दांपत्यानं ‘बनिपाल’ हे नियतकालिक काढलं आणि केवळ अरबी साहित्याच्या इंग्रजी अनुवादांवर ते 75 अंक चालवलं. ओमानच्या जोखा अल्हार्थी यांची कादंबरी ‘सेलेस्टियल बॉडीज’ या नावानं इंग्रजीत आणली ती स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या सँडस्टोन प्रेस या छोट्या संस्थेनं. 2019 साली तिला आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. मूळ अरबी पुस्तकाला मिळालेलं ते पहिलंच. बक्षिसाचे 50,000 पौंड लेखिका आणि अनुवादक मॅरिलिन बूथ यांच्यात निम्मे-निम्मे वाटले गेले.

यात अर्थकारण असं असतं. कादंबरी इंग्रजीत लिहिलेली असेल तर संपादक ती स्वतः वाचून ठरवतो. परभाषेतली असेल तर आधी कुणीतरी वाचून सांगायचं, नमुन्याची प्रकरणं अनुवादित करायची, मग हक्क घ्यायचे, अनुवादकाचे पैसे द्यायचे. एवढं होईतो छपाईचा एक रुपयाही खर्च झालेला नसतो. मोठी संस्था अशा वेळी कुणीतरी आधी यशस्वी होण्याची वाट पाहते. छोट्या प्रकाशकाला तेवढा धीर नसतो, म्हणून नवं काही घडतं ते बहुधा त्याच्याकडेच.

अरबी आपल्याकडे कशी आली?

मराठी वाचकाची अरबी कथांशी ओळख जुनी आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकात ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आणायला घेतल्या. पुढे गौरी देशपांडे यांनी रिचर्ड बर्टनच्या प्रतीवरून ‘अरेबियन नाइट्स’चे 16 खंड केले. दोन्ही वेळा मधला मुक्काम इंग्रजीचा. बगदाद-कैरोच्या गोष्टी लंडनला वळसा घालून पुण्याला पोहोचल्या.

भिलोरीला तो वळसा पडत नाही. घाटाखाली मराठी, घाटावर भिलोरी-पावरी. अंतर एका एसटीच्या तिकिटाचं. तरी हे अंतर पुस्तकानं पार केलं ते फार थोड्या वेळा.

‘गोधड’ आणि सुगावा

त्यातलं ठळक उदाहरण शहादा तालुक्यातलं. वाहरू सोनवणे हे तिथल्या आदिवासींच्या श्रमिक संघटनेच्या चळवळीत घडलेले भिल्ल कवी. लिहितात भिलोरीत आणि मराठीतही. त्यांचा ‘गोधड’ हा संग्रह 1987 साली निघाला तो पुण्याच्या सुगावा प्रकाशनाकडून. सदाशिव पेठेत चित्रशाळेच्या इमारतीतून विलास आणि उषा वाघ यांनी चालवलेलं हे प्रकाशन. विलास वाघ मूळचे शेजारच्या धुळे जिल्ह्यातले. दलित, आदिवासी, स्त्रिया, चळवळी यांची पुस्तकं स्वस्तात छापायची आणि चैत्यभूमी-दीक्षाभूमीच्या गर्दीत स्टॉल लावून विकायची, हा त्यांचा रिवाज. विलास वाघ 2021 साली गेले.

वाहरूंची ‘स्टेज’ ही कविता भरत पाटणकर, गेल ऑम्वेट आणि सुहास परांजपे यांनी इंग्रजीत नेली. व्यासपीठावर चढून आदिवासींचं दुःख आदिवासींनाच ऐकवणाऱ्यांची ती कविता आहे. प्रत्येक अनुवादकानं आणि प्रकाशकानं ती टेबलासमोर लावून ठेवावी. कारण पुस्तक हेही एक स्टेजच आहे. त्यावर कोण उभं राहणार, हे प्रकाशक ठरवतो.

‘याहा’चं काय करायचं?

अनुवादाची अडचण शब्दापासून सुरू होते. सातपुड्यातले आदिवासी ज्या कुलदेवतेच्या दर्शनाला गुजरातेत देवमोगऱ्याला जातात, ती याहा मोगी. याहा म्हणजे आई. ‘मोगी आई’ लिहिलं तर माया पोहोचते, पण देवी जाते. ‘देवमोगरा माता’ लिहिलं तर वाचकाला कळस आणि घंटा दिसतात, आणि सातपुड्यातल्या लेकरांची याहा हरवते. ‘याहा’ तसाच ठेवला तर वाचकाला थोडं थांबावं लागतं. मला वाटतं, थांबू द्यावं. ‘माँ’ आणि ‘अम्मी’साठी मराठी वाचक तळटीप मागत नाही, ‘याहा’ही दोन पानांत सवयीचा होईल.

मोजणीतली मोठी, नोंदीतली लहान

2011च्या जनगणनेत भिली-भिलोडी गटाच्या भाषा मातृभाषा म्हणून सांगणारे 1 कोटी 4 लाख होते. संताळी बोलणारे 74 लाखांच्या आसपास. संताळी 2003च्या घटनादुरुस्तीनं आठव्या अनुसूचीत आली. भिली अजून बाहेरच. अनुसूचीत नाही, साहित्य अकादमीच्या दरवर्षीच्या भाषावार पुरस्कारातही नाही आणि मोठ्या प्रकाशकाच्या यादीतही नाही. अरबीसारखंच: माणसं कमी नाहीत, दारं कमी आहेत.

दारं उघडायचे प्रयत्न झालेत. भाषातज्ज्ञ गणेश देवी यांच्या ‘भाषा’ या संस्थेनं बडोद्याहून आदिवासी भाषांमधलं ‘ढोल’ हे नियतकालिक काढलं. देवी यांच्याच भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड अरुण जाखडे यांनी संपादित केला आणि 2013 मध्ये जाखडे यांच्याच पद्मगंधा प्रकाशनानं छापला. इथेही पुढे झालं ते पुण्यातलं एक स्वतंत्र प्रकाशनच.

आपण इंग्रजीकडे मागतो ते सगळं, म्हणजे आमचं वाचा, आमच्या अनुवादकाला पैसे द्या, मुखपृष्ठावर त्याचं नाव छापा, भिलोरी आणि पावरी आपल्याकडे मागू शकतात. द्यायला फार लागत नाही. डाव्या पानावर पावरी, उजव्या पानावर मराठी, लिपी दोन्हीकडे देवनागरी. धडगावच्या एखाद्या वर्गात असं पुस्तक उघडलं, तर त्या तासाला उजवं पान गुरुजींना लागेल, पोरांना नाही.