ज्या मंदिरानं चेरी तोडली

मार्चअखेरीस अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत भर दुपारी रस्ता ओलांडणंही नको वाटतं. नेमक्या त्याच दिवसांत जपानमधल्या क्योतोच्या देवळांबाहेर रांगा लागतात. चेन्नईच्या पश्चिमेला ओरगडम-श्रीपेरुंबुदूर पट्ट्यात निस्सानसारखे जपानी कारखाने आल्यापासून या भागातल्या मराठी इंजिनिअरांनाही जपान परका राहिलेला नाही. कंपनीच्या कामाला चार दिवसांची रजा जोडायची आणि ‘साकुरा’, म्हणजे चेरीचा बहर, बघून यायचं, असा बेत घरोघरी शिजतो. या बेतात देऊळ, बाग आणि चेरी ही तिन्ही एकच गोष्ट धरलेली असते. जपानी इतिहासात मात्र या तिघांचं नेहमीच पटलेलं नाही.

आधी झाडाविषयी. आज फोटोंत दिसते ती बहुतेक ‘सोमेइ योशिनो’ जातीची चेरी. एदो काळाच्या अखेरीस, म्हणजे एकोणिसाव्या शतकात, आजच्या तोक्योतल्या सोमेइ गावाच्या माळ्यांनी ती पसरवली. ती कलमानं वाढते, त्यामुळे सगळी झाडं जनुकीयदृष्ट्या एकच. म्हणूनच एका गावातली झाडं जवळजवळ एकदम फुलतात आणि आठवड्याभरात एकदम झडतात. कळीची झोपमोड व्हायला आधी कित्येक आठवडे कडक थंडी लागते, मग ऊब. चेन्नईत जानेवारीच्या पहाटेही पारा विशीच्या आसपास असतो, तेव्हा इथे हे झाड फुलवण्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. भारतात राहूनच चेरी बघायची असेल, तर नोव्हेंबरात शिलाँग गाठावं. तिथली हिमालयी चेरी पानगळीच्या मोसमात फुलते.

क्योतोतल्या बहराच्या नोंदी मात्र सोमेइ योशिनोपेक्षा फार जुन्या, रानचेरीच्या आहेत. ऐन बहराच्या तारखा दरबारी लोकांच्या आणि भिक्षूंच्या रोजनिशांतून वेचून अभ्यासकांनी इसवी सन ८१२ पर्यंत मागे नेल्या आहेत. इतकी लांबलचक निसर्गनोंद जगात क्वचितच सापडेल. या यादीत २०२१ साली बहर २६ मार्चला आला. त्याआधीचा विक्रम १४०९ सालचा, २७ मार्चचा. सहाशे वर्षांचा विक्रम एका दिवसानं मोडला, आणि त्यामागे तापत चाललेली हवा आणि वाढतं शहर आहे हे सांगायला ज्योतिषी नको.

चेरी आणि देऊळ यांची सर्वांत झगमगती गाठ पडली ती १५९८ च्या वसंतात, क्योतोच्या दाइगोजी मंदिरात. तेव्हाचा जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यानं आसपासच्या प्रांतांतून सुमारे सातशे झाडं आणवून तिथे लावली आणि तेराशेच्या आसपास पाहुण्यांना मेजवानी दिली. त्याच वर्षी सप्टेंबरात तो वारला. आजही दाइगोजीत त्या मेजवानीची आठवण म्हणून मिरवणूक निघते. मला विचाराल तर हा सोहळा सत्तेचा होता, चेरी केवळ निमित्त.

याच शहरात एका मंदिरानं नेमकं उलट केलं. तोफुकुजी हे झेन मंदिर. १४०८ साली चित्रकार-भिक्षू मिन्चो यानं बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचं प्रचंड चित्र तिथे पूर्ण केलं. शोगुन आशिकागा योशिमोची खूश झाला आणि काय हवं ते माग म्हणाला. मंदिराच्या परंपरेनुसार मिन्चोनं पैसा मागितला नाही की पद मागितलं नाही. आवारातली चेरीची झाडं तोडून टाका, एवढंच तो म्हणाला. चेरी राहिली तर लोक मौजमजेला येतील आणि साधनेची जागा सहलीचं ठिकाण होईल, ही त्याची भीती. झाडं तोडली गेली. आज तोफुकुजी ओळखलं जातं ते शरदातल्या लालभडक मॅपलसाठी, आणि त्या दिवसांत तिथे पाय ठेवायला जागा नसते. मिन्चोची भीती खरी ठरली, फक्त झाड बदललं!

याच मंदिरात शिगेमोरी मिरेइ यानं १९३९ साली केलेली बाग आहे. आवारातल्या जुन्या फरश्या टाकून द्यायच्या नाहीत, अशी मंदिराची अट होती. त्यानं त्या शेवाळात पटावरच्या घरांसारख्या बसवल्या. या एका चौकटीसाठी तरी तोफुकुजीला जावं.

तोफुकुजी ज्या झेन बौद्ध पंथाचं, त्याचं नातं चेन्नईकर आपल्याशी जोडतात. झेनचा आद्य गुरू मानला जाणारा बोधिधर्म जुन्या चिनी परंपरेत दक्षिण भारतातल्या राजाचा तिसरा मुलगा आहे; एका त्याहून जुन्या नोंदीत तो इराणकडचाही आहे. कांचीचा पल्लव राजपुत्र ही ओळख पुढची. पण २०११ च्या ‘एळाम अरिवु’ या तमिळ चित्रपटानंतर इथे ती पक्की झाली. अंबत्तूरहून कांचीपुरम दोनएक तासांवर आहे, तेव्हा हा अभिमान समजून घ्यावा, पण इतिहास म्हणून सांगू नये.

पुन्हा क्योतोकडे. तिथल्या र्‍योआनजी या झेन मंदिराच्या प्रसिद्ध खडीच्या बागेत पंधरा दगड आहेत. कुठेही बसा, एक तरी नजरेआड राहतो. आत एकही झाड नाही. चेरी आहे ती मातीच्या बुटक्या भिंतीपलीकडे, आणि तिच्या फांद्या भिंतीवरून डोकावतात. बागेनं चेरी नाकारलेली नाही, तिला बाहेर उभं केलं आहे. देवळाची शिस्त आणि फुलांची जत्रा यांत मला पटलेली तडजोड हीच.

मराठी माणसाला जपानी बागेची चव घ्यायला विमानाचं तिकीट लागत नाही. पुण्यात सिंहगड रस्त्यावर २००६ साली खुलं झालेलं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेवर बेतलेलं आहे. ‘पूर्वरंग’मधून मराठी घरांत जपान पोचवणाऱ्या लेखकाचं नाव त्याला मिळालं, हा योग छान जुळला. मूळ कोराकुएन १७०० साली सरदार इकेदा त्सुनामासासाठी पूर्ण झाली. तिचं वैशिष्ट्य म्हणजे मोकळी हिरवळ, वळणं घेणारा पाण्याचा प्रवाह आणि मागे दिसणारा काळा किल्ला. चेरी तिथेही आहे, पण बागेची मदार तिच्यावर नाही. पुण्याची थंडी या झाडाला पुरत नाही, तरी बाग उणी वाटत नाही ती त्यामुळेच. पाणी, दगड आणि चढउतार इतकं सगळं इथे आणता आलं.

तरीही क्योतोला जायचंच असेल, तर मुलांच्या परीक्षा आटोपून एप्रिलच्या मध्यावर निघणाऱ्यांना निन्नाजी मंदिर सोयीचं. तिथली ओमुरो चेरी बुटकी, जेमतेम दोन-तीन मीटरची, आणि शहरात सगळ्यांत शेवटी फुलणाऱ्यांपैकी. तिकडची गर्दी सोसवेना तर तोफुकुजी गाठा. या आठवड्यांत तिथे मॅपलची कोवळी हिरवी पालवी असते आणि बसायला जागाही मिळते.